केनियातली सरकारी नोकरशाही सुधारायची तर हात आधी कुठे घालायचा?

नैरोबीकर_मंदार
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नैरोबीत आहे, बोअरवेलचे पंप आणि पाइप फिटिंगचा धंदा, त्यामुळे सरकारी ऑफिसांशी रोजचा संबंध. एक प्रश्न डोक्यातून जात नाही म्हणून हा धागा काढतोय.

२०१३ च्या नोव्हेंबरात इथे पहिलं हुडुमा सेंटर सुरू झालं, नैरोबीच्या जनरल पोस्ट ऑफिसात. ओळखपत्राची डुप्लिकेट, टॅक्सचा पिन, जन्मदाखला, पोलिसांचं चांगल्या वर्तणुकीचं सर्टिफिकेट, सगळं एका छताखाली. टोकन घ्या, बसा, काम करून घरी जा. आज सगळ्या ४७ कौंट्यांत (आपल्या जिल्ह्यांसारख्या, पण स्वतःचं निवडून आलेलं सरकार असलेल्या) मिळून अशी ५० च्या वर सेंटर आहेत, २०१५ ला संयुक्त राष्ट्रांचा पब्लिक सर्व्हिस पुरस्कारही मिळाला. आणि खरंच चालतं हो! माझ्याकडच्या कामगारांना पूर्वी एका दाखल्यासाठी दिवस मोडायला लागायचा, आता जेवणाच्या सुट्टीत जाऊन येतात.

पण याच देशात एका कौंटीकडे माझी बिलं अडकलीत. पंप बसले, गावाला पाणी आलं, इंजिनिअरची सही झाली, बिल मात्र "प्रोसेसमध्ये". माणसं त्याच देशातली, तशाच शाळांत शिकलेली, तोच सरकारी पगार घेणारी. मग काउंटर सुधारतो आणि काउंटरमागची खोली का नाही सुधारत? सुरुवात कुठून करायची, भरती, पगार, बढती की बिलं? माझं मत भरतीपासून. योग्य माणूस योग्य पद्धतीने आत आला तर बाकीचं हळूहळू मार्गी लागतं. तुम्हाला काय वाटतं?

धडाडीचा_दिनू
माणसं कमी करा, दुसरा उपाय नाही. २०१५ च्या नियमांप्रमाणे पगारावरचा खर्च महसुलाच्या ३५ टक्क्यांच्या आत हवा, केनिया तो आकडा कधीच ओलांडून बसलाय. २०२४ च्या एप्रिलमध्ये नैरोबीत बोमासच्या सभागृहात पगारखर्चावर राष्ट्रीय परिषद झाली, २०२८ पर्यंत ३५ वर आणू म्हणाले. कसं आणणार? अर्ध्या खुर्च्या रिकाम्या केल्याशिवाय होणार नाही. पगारातच पैसे संपले तर तुमच्या पंपाचं बिल कशातून देणार?

पाटलाचा_पोऱ्या
मंदारभाऊ, पंप तर तुमच्याकडेच आहेत, एखादा लावून फाईलच वर ओढून घ्या की :)

डॉ_सुमेधा
दिनू, हा प्रयोग केनियाने एकदा केलाय. १९९३ मध्ये सिव्हिल सर्व्हिस रिफॉर्म प्रोग्राम आला, जागतिक बँकेच्या आणि देणगीदार देशांच्या दबावाखाली. लवकर निवृत्ती घ्या, पैसे घ्या आणि घरी जा. गेले ते मुख्यतः खालच्या श्रेणीतले, शिपाई, कारकून, सफाईवाले. नवी भरती गोठवली. आणि वरती काय झालं? २००७ च्या निवडणुकीनंतरच्या दंगलींतून तडजोडीचं सरकार आलं त्यात ४० मंत्री होते! एवढ्या मंत्र्यांना एवढी खाती, एवढे सचिव, एवढ्या गाड्या. कपात खाली झाली आणि सूज वर आली.

मी पश्चिमेकडे एका सरकारी हॉस्पिटलमध्ये काम करते. रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डला एक नर्स असते कधीकधी. "अर्ध्या खुर्च्या रिकाम्या करा" म्हणताना कुठली खुर्ची ते सांगा. २०२४ मध्ये आम्ही डॉक्टर ५६ दिवस संपावर होतो, त्यातला मोठा मुद्दा इंटर्नचा होता. २०१७ च्या करारात इंटर्नला महिना २,०६,००० शिलिंग ठरलेले, सरकार म्हणालं ७०,००० देतो. सहा वर्षं शिकलेली मुलं घरी बसून नेमणुकीची वाट बघत होती आणि हॉस्पिटलं माणसांवाचून ओस. पैसे नाहीत हे मला मान्य आहे. पण पैसे नसले की पहिली कात्री दरवेळी ज्याचा हात पेशंटला लागतो त्याच्यावरच का चालते, याचं उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही.

फ्रान्सिस_मडगाव
थोडं मागे जाऊन सांगतो. माझे आजोबा मोंबासाला कस्टममध्ये कारकून होते. तेव्हा पूर्व आफ्रिकेतल्या इंग्रज सरकारचा मधला थर म्हणजे आम्ही गोंयकार, हिशेब, टपाल, कस्टम, रेल्वेची ऑफिसं. वर गोरे, मध्ये आशियाई, खाली आफ्रिकन, आणि पगारही तसेच. १९४८ च्या होम्स कमिशनने तर लिहूनच ठेवलं की आशियाई कर्मचाऱ्याला युरोपियनाच्या तीन-पंचमांश. १९५४ ला लिडबरी कमिशन आलं तेव्हा कुठे कातडीच्या रंगावरचे पगार काढायची भाषा सुरू झाली.

सांगायचा मुद्दा हा की ही यंत्रणा लोकांची कामं करायला बांधलीच नव्हती. झोपडीपट्टी गोळा करायची (झोपडीवरचा कर म्हणतोय, वस्ती नव्हे), मजूर पुरवायचे, जमीन गोऱ्या शेतकऱ्यांकडे ठेवायची, एवढंच तिचं काम. खाली चीफ, वर डिस्ट्रिक्ट ऑफिसर, त्याच्यावर डिस्ट्रिक्ट कमिशनर. १९६३ ला स्वातंत्र्य मिळालं आणि खुर्चीतला माणूस बदलला, खुर्चीचं काम तेच राहिलं. हे बोलणारी माणसं तेव्हाही होती. पियो गामा पिंटो, आमचाच गोंयकार, इंग्रजांच्या कैदेत राहिलेला, स्वातंत्र्यानंतर जमिनी मूठभरांच्या घशात जाऊ नयेत म्हणून भांडत होता. १९६५ च्या फेब्रुवारीत नैरोबीत त्याच्या घराच्या फाटकापाशी गोळ्या घातल्या. आमच्या घरी आजोबा तो विषय निघाला की गप्प होत.

शार्वरी_पी
फ्रान्सिस काका, छान लिहिलंत. मी लोकप्रशासन शिकलेय आणि केनियावर थोडं काम केलंय, त्यामुळे पुढचं एक पान जोडते, कारण माझ्या मते मंदार यांच्या बिलाचं उत्तर तिथे आहे.

१९७१ मध्ये डंकन एन्डेग्वा यांच्या कमिशनचा अहवाल आला. हे आधी सिव्हिल सर्व्हिसचे प्रमुख होते, मग सेंट्रल बँकेचे पहिले आफ्रिकन गव्हर्नर. त्या अहवालाने सरकारी अधिकाऱ्यांना खाजगी धंदा करायला मोकळीक दिली. त्या वेळचा विचार असा की धंदे सगळे गोऱ्यांच्या आणि आशियाईंच्या हातात आहेत, शिकलेला आफ्रिकन माणूस सरकारी नोकरीतच आहे, त्याला बांधून ठेवलं तर आफ्रिकन भांडवल उभं कसं राहणार. हेतू समजण्यासारखा आहे. पण परिणाम बघा. ज्याच्या टेबलावर टेंडर येतं त्याच्या बायकोची, भावाची, मेव्हण्याची कंपनी त्याच टेंडरला बसते, आणि हे चोरून नाही तर रीतसर. एक अख्खी पिढी अशी वाढली की नोकरी म्हणजे धंद्याची पायरी. नंतर २००३ चा पब्लिक ऑफिसर एथिक्स कायदा आला, २०१० च्या घटनेत नेतृत्व आणि सचोटीचं सहावं प्रकरण आलं, आणि २०२५ च्या जुलैत हितसंबंधांच्या संघर्षाचा वेगळा कायदा. म्हणजे १९७१ ला उघडलेलं दार बंद करायला पन्नास वर्षं चाललीत.

मंदार, तुमचं बिल पास न करण्यात कोणाचा फायदा आहे हे बघा. तुमच्या नंतर पुरवठा केलेल्या कोणाचं बिल आधी निघालंय का?

नैरोबीकर_मंदार
@शार्वरी, निघालंय. एकाहून जास्त. ते कोणाचे नातेवाईक हे मी इथे लिहू शकत नाही. आणि हे माझ्या एकट्याचं नाही, सगळ्या कौंट्यांची मिळून थकलेली बिलं शंभर अब्ज शिलिंगांच्या वर आहेत, छोटे कंत्राटदार बँकेच्या हप्त्यांनी मोडून पडलेत. एक ओळखीचा केनियन माणूस, रस्त्यांची छोटी कामं घ्यायचा, त्याने ट्रक विकला, मग घर.

अण्णा_साताऱ्याचे
महसूल खात्यात आयुष्य गेलं, निवृत्त आहे. केनिया पाहिलेला नाही पण धागा वाचून ऑफिस ओळखीचं वाटलं. आमच्याकडे सेतू केंद्रं आली, २०१५ ला सेवा हमी कायदा आला, दाखले खरंच वेळेत मिळायला लागले. फेरफार आणि भूसंपादनाचा मोबदला यांचं तसं झालं नाही. दाखल्यात ठरवण्यासारखं काही नसतं, माहिती बरोबर असली की द्यायचाच. मोबदल्यात कोणाला किती आणि कधी हे ठरवणारा माणूस बसलेला असतो. जिथे "कधी" हे माणसाच्या हातात, तिथे रांग मोडते. मंदारराव, तुम्ही भरती म्हणता, पण चांगला भरती झालेला मुलगासुद्धा त्या खुर्चीत दोन वर्षांत शिकतो की इथे काय चालतं. मला विचाराल तर त्याची बदली कोण करतं ते आधी सांगा.

कोडवाला_निखिल
सगळं ऑनलाइन करा, माणूसच मधून काढा. केनियात एम-पेसा २००७ पासून आहे, भाजीवाली मोबाइलवर पैसे घेते. ई-सिटिझन पोर्टल २०१४ चं, २०२३ मध्ये ५,००० च्या वर सेवा त्यावर आणल्या, सगळ्याला पैसे भरायचा एकच पे-बिल नंबर. बिलंही तशीच टाका, तारखेप्रमाणे आपोआप पैसे जातील.

शार्वरी_पी
@निखिल, कौंट्यांची बिलं आधीपासून ऑनलाइनच आहेत, इफमिस नावाच्या सरकारी हिशेबाच्या सिस्टीमवर. २०१५ चा नॅशनल यूथ सर्व्हिसचा (तरुणांना प्रशिक्षण देणारी सरकारी संस्था) घोटाळा आठवा, ७९ कोटी १० लाख शिलिंग त्याच सिस्टीममधून गेले आणि माझा पासवर्ड दुसऱ्यानेच वापरला असं अधिकारी म्हणाले. कॉम्प्युटरवर आलं म्हणजे "आधी कोण" हा निर्णय संपला असं होत नाही, तो फक्त स्क्रीनच्या मागे जातो. यादी लोकांना दिसायला हवी.

कोडवाला_निखिल
यादी पब्लिक करणं तर आणखीच सोपं आहे. करत का नाहीत?

पाटलाचा_पोऱ्या
निखिल, पुन्हा एकदा वाच, तूच प्रश्न विचारलास आणि उत्तर तीन प्रतिसाद वर आहे.

विद्या_मोंबासा
मंदारदादा, मला तुमचं भरतीपासूनचं पटतं, अण्णांची क्षमा मागून. मी इथे खाजगी शाळेत शिकवते. माझ्या हाताखालून गेलेल्या मुली बी.एड. करून वर्षानुवर्षं टीचर्स सर्व्हिस कमिशनच्या नेमणुकीची वाट बघतायत. देशात प्रशिक्षित पण बेकार शिक्षक लाखांनी आहेत आणि खेड्यातल्या शाळेत एका बाईंकडे तीन वर्ग. ज्युनियर सेकंडरी (सातवी ते नववी) सुरू झाल्यावर सरकारने त्यांना "इंटर्न" म्हणून घेतलं, महिना २०,००० शिलिंगांवर, काम मात्र पूर्ण शिक्षकाचं. २०२४ ला तीही मुलं रस्त्यावर आली. आणि २०२५ मध्ये खासदारांच्या हातून नेमणुकीची पत्रं वाटल्याच्या बातम्या आल्या तेव्हा माझी एक जुनी विद्यार्थिनी फोनवर एवढंच म्हणाली की टीचर, मी मग अर्ज कोणाकडे करायचा. जिने नोकरी पुढाऱ्याच्या हातून घेतली ती उद्या वर्गात मुलांना काय सांगणार, आणि जिला मिळाली नाही तिने कायद्यावर विश्वास का ठेवायचा?

दुसऱ्या बाजूने, २०२४ च्या फेब्रुवारीत पब्लिक सर्व्हिस कमिशनने सर्टिफिकेटं तपासली तर दोन हजारांच्या वर खोटी निघाली. म्हणजे खोट्या कागदावर कोणी पगार घेतंय आणि खऱ्या कागदाची मुलगी मोंबासाच्या दुकानात हिशेब लिहितेय. हे मला सहन होत नाही.

धडाडीचा_दिनू
मग हेच तर म्हणतोय, मेरिट! परीक्षा घ्या, पहिला येईल त्याला नोकरी. जातपात-टोळी काही नको.

कृष्णाकाठ
दिनूभाऊ, केनियात ते इतकं सरळ नाही. आजवरचे पाचही राष्ट्राध्यक्ष किकुयू किंवा कालेंजिन, आणि सरकारी नोकऱ्यांतही या दोन समाजांचा वाटा लोकसंख्येपेक्षा जास्त असल्याचं सरकारी अहवालांतच पुन्हा पुन्हा आलंय. म्हणून २००८ चा कायदा सांगतो की कुठल्याही सरकारी संस्थेत एका समाजाचे एक-तृतीयांशाहून जास्त लोक नकोत. कौंट्यांसाठी २०१२ चा कायदा, सुरुवातीच्या श्रेणीतल्या रिकाम्या जागांपैकी निदान ३० टक्के त्या कौंटीतल्या बहुसंख्य समाजाबाहेरच्यांना. उत्तरेकडे तुर्काना, मांडेरा भागात इंग्रजांच्या काळापासून शाळा फारशा नव्हत्याच, तिथल्या मुलाला आणि नैरोबीच्या मुलाला एकच पेपर देऊन तुम्ही मेरिट मोजणार का? माझ्या मते कायदा चांगला आहे, पाळला जात नाही हे दुखणं आहे. मोडणाऱ्या कौंटीचा एक शिलिंगही कोणी कापत नाही.

फ्रान्सिस_मडगाव
अवांतर: २०१७ ला भारतीय वंशाच्या केनियन लोकांना सरकारने देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. आजोबा असते तर खूश झाले असते. १९६८ ला आमचं निम्मं कुटुंब लंडनला गेलं ते कायमचं.

डॉ_सुमेधा
विद्याताईंशी शंभर टक्के सहमत, आणि कृष्णाकाठ यांच्याशीही. कौंटीचा विषय निघालाच आहे तर माझं एक दुःख. २०१३ ला आरोग्य कौंट्यांकडे गेलं. मी त्याच्या बाजूची होते आणि आजही आहे, कारण त्याआधी दूर किनाऱ्यावरच्या लामूच्या दवाखान्याला काय हवं ते नैरोबीतला साहेब ठरवायचा. काही कौंट्यांत खरंच पहिल्यांदा सिझेरियनची सोय झाली. पण प्रत्येक नवा गव्हर्नर निवडून आला की आपली माणसं भरतो. प्रत्येक कौंटीला स्वतःचं पब्लिक सर्व्हिस बोर्ड आहे, कायद्याने स्वतंत्र. पण बोर्डावर कोण बसणार त्यांची नावं गव्हर्नरच सुचवतो, कौंटी असेंब्लीने मान्य केली की झालं. त्यात सरकारी खर्चावर नजर ठेवणाऱ्या कंट्रोलर ऑफ बजेटचे अहवाल सांगतात की कित्येक कौंट्या अजून पगाराचा काही भाग हाताने बनवलेल्या यादीवर वाटतात, सिस्टीमच्या बाहेर. २०१४ मध्ये देशभर बायोमेट्रिक नोंदणी करून हजारो भुताटकीचे (फक्त कागदावरचे) कर्मचारी शोधले होते ना, त्यानंतर दहा वर्षांनी हे चाललंय. हाताची यादी म्हणजे भुतांना परत यायला वाट.

दिनू, कपात करायचीच असेल तर इथून कर. मी स्वतः तुझ्याबरोबर उभी राहीन.

धडाडीचा_दिनू
डॉक्टर, हाताच्या यादीचं मला माहीत नव्हतं, हे भयंकर आहे. पण मग वर एक कडक माणूस हवा. टांझानियात अध्यक्ष मागुफुली होते तसा. आले आणि हजारो बोगस सर्टिफिकेटवाले एका झटक्यात घरी पाठवले.

शार्वरी_पी
केनियाने तेही करून बघितलंय. १९९९ च्या जुलैत अध्यक्ष मोईंनी रिचर्ड लीकी यांना सिव्हिल सर्व्हिसचं प्रमुख केलं, आदिमानवाच्या जीवाश्मांचे संशोधक, हस्तिदंताची होळी करणारे, बरोबर बँका आणि कंपन्यांतली निवडक माणसं, लोक त्यांना "ड्रीम टीम" म्हणायचे. मदत बंद केलेले देणगीदार परत आले. २००१ च्या मार्चमध्ये लीकी गेले. दरम्यान २००० च्या डिसेंबरात भ्रष्टाचारविरोधी यंत्रणाच कोर्टाने घटनाबाह्य ठरवली. माणूस गेला की त्याच्याबरोबर सगळं जातं. मागुफुलींबद्दल एवढंच म्हणते की बोगसवाले गेले ते चांगलंच झालं, पण त्यांच्याच काळात विरोधकांच्या सभा आणि वर्तमानपत्रं बंद पडली. घाबरलेला अधिकारी सही करायलाच घाबरतो, मंदार यांचं बिल त्याने जास्तच अडकेल.

उलट बघा, २०१० ची घटना. मंत्री १४ ते २२ च असावेत, असं त्यात लिहिलंय. मग मागच्या दाराने मंत्र्यांच्या हाताखाली मुख्य प्रशासकीय सचिव नावाची पदं काढली, २०२३ ला ५० जण नेमले, आणि त्याच जुलैत हायकोर्टाने ती नेमणूक घटनाबाह्य ठरवली. केस लढली वकिलांच्या संघटनेने आणि नागरिकांनी. माझा विश्वास अशा गोष्टींवर आहे.

अण्णा_साताऱ्याचे
परफॉर्मन्स काँट्रॅक्टचं काय झालं हो? आमच्या ट्रेनिंगला केनियाचं उदाहरण द्यायचे.

नैरोबीकर_मंदार
अध्यक्ष किबाकींच्या काळात, २००४ ला १६ सरकारी कंपन्यांपासून सुरू झालं, मग सगळी मंत्रालयं. वर्षाच्या सुरुवातीला सचिवाने उद्दिष्टांवर सही करायची, वर्षअखेर मार्क, आणि क्रमवारी पेपरात. २००७ ला त्यालाही संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार. सुरुवातीला मोठी हालचाल झाली, तळाला आलेले सचिव तोंड लपवत फिरायचे असं इथले जुने लोक सांगतात. मग खात्यांनी आपली उद्दिष्टं आपणच अशी ठरवायला सुरुवात केली की गाठली जाणारच. आता इकडे सामान्य माणसाला विचाराल तर तो २०२४ च्या जूनबद्दल बोलतो. पोरं नेते नसताना रस्त्यावर आली, करवाढीचं विधेयक मागे घ्यावं लागलं, आणि पोरं मेलीही. माझ्याकडच्या अकाउंटंट मुलीने तेव्हा मला ऑडिटर जनरलच्या अहवालाची पानं मोबाइलवर काढून दाखवली, आपल्या कौंटीची. पंचविशीची पोर. मी इतकी वर्षं इथे धंदा करतोय आणि तो अहवाल एकदाही उघडला नव्हता.

अण्णांचं म्हणणं मला आता जास्त पटायला लागलंय, भरती हवीच पण "आधी कोण" हे उघड्यावर आल्याशिवाय नाही. यादी मिळवायची कशी?

शार्वरी_पी
माहिती मिळवण्याचा कायदा आहे तिकडे, २०१६ चा. तुम्ही केनियन नागरिक नसाल तर तुमच्या त्या अकाउंटंट मुलीला अर्ज करू द्या, हक्क नागरिकाला आहे. कारण सांगावं लागत नाही. २१ दिवसांत उत्तर द्यायला हवं, नाही दिलं तर कमिशन ऑन ॲडमिनिस्ट्रेटिव्ह जस्टिसकडे (तिकडचा लोकपाल) दाद मागता येते. बिल मागू नका, यादी मागा: थकलेली बिलं, प्रत्येकाची तारीख, रक्कम, आणि गेल्या आर्थिक वर्षात दिलेल्या बिलांच्या तारखा. दोन्ही शेजारी ठेवले की काही सांगायला लागत नाही.

अण्णा_साताऱ्याचे
पोच घ्या. शिक्क्यानिशी, आवक नंबर घालून. आमच्याकडे माहिती अधिकारात अर्धे अर्ज पोच नसल्याने मेले.

विद्या_मोंबासा
मंदारदादा, मलाही हा अर्ज करायचाय, माझ्या मुलींसाठी, नेमणुकांच्या गुणांची यादी मागायला. त्यातलीच एक करेल. इंग्रजीतच लागतो का?

शार्वरी_पी
इंग्रजी किंवा स्वाहिली, दोन्ही चालतात. मसुदा करून इथेच टाकते, उद्या संध्याकाळपर्यंत.

नैरोबीकर_मंदार
टाका. मी बिलं थकलेल्या आणखी कंत्राटदारांशी बोलतो, त्यांच्यातले केनियन आपापल्या नावाने वेगळा अर्ज देतील म्हणजे एकट्या मुलीवर येणार नाही. तो ट्रक विकलेला माणूस पहिला सही करायला तयार आहे.